पाळणा थांबण्याबाबत

दोन हजार एक साली शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांनी मिळून संगणकाची सहकारी संस्था काढली, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. उसाची संस्था होती, दुधाची होती, पतपेढ्या तर गल्लीगणिक होत्या. संगणक तेवढा सहकाराच्या छायेबाहेर उन्हात उभा होता. 'भीमा-घोड संगणक उत्पादक सहकारी संस्था मर्यादित' नेमकं काय उत्पादन करणार, हे पहिल्या सभेत कुणी विचारलं नाही. अध्यक्ष आनंदराव एवढंच म्हणाले, की या पिकाला पाणी लागत नाही. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

पहिलं काम रांजणगावच्या वसाहतीतल्या एका कारखान्यानं दिलं. विजेवरचा पाळणा. हिरवं बटण दाबलं की हलणार, लाल दाबलं की थांबणार. पाळण्याचा मेंदू म्हणजे एक बारकासा प्रोसेसर, तो परदेशातून बोटीनं यायला सहा महिने लागणार होते. तोवर पाळण्याचा प्रोग्राम संस्थेनं लिहून, तपासून तयार ठेवायचा होता.

आता जो प्रोसेसर अजून आलेलाच नाही त्याच्यावर प्रोग्राम तपासायचा कसा? त्यासाठी सिम्युलेटर लागतो, म्हणजे प्रोसेसरचं हुबेहूब सोंग घेणारा दुसरा प्रोग्राम. आणि त्या सोंगाला मध्येच अडवून 'थांब, आत्ता तुझ्या मनात काय आहे ते सांग' असं विचारणारा तिसरा, त्याला डीबगर म्हणतात. ज्यांच्या घरी सासू आहे त्यांना हे जास्त समजावून सांगावं लागत नाही.

सिम्युलेटर शिरूरला मिळाला. बाजार समितीच्या माडीवर त्याचं कार्यालय थाटलं, कोनशिला बसली. मग उपाध्यक्ष हौसराव दौंडचे असल्यामुळं डीबगर दौंडला गेला. रेल्वे स्टेशनाजवळच्या त्या खोलीत प्रत्येक मालगाडीगणिक पडदा थरथरायचा, पण कोनशिला तिथंही बसली. उरला तो दोघांच्या मधला इंटरफेस. डीबगरनं कोणत्या शब्दांत विचारायचं आणि सिम्युलेटरनं कोणत्या शब्दांत सांगायचं, याचा करार.

"म्हंजी बांधच की," हौसराव म्हणाले. "दोन रानांच्या मधला."

सगळ्यांना एकदम समजलं. बांधावर कुणी इमारत बांधत नाही, बांधाचं उद्घाटन होत नाही, बांध दोन्हीकडून कोरायचा तेवढा असतो. म्हणून ते काम पूनमला देण्यात आलं.

पूनम शिरूरची सून. संगणकातली पदवी असलेली संस्थेत ती एकटीच. तिच्या नेमणुकीच्या टिपणीत मात्र कारण वेगळं होतं : 'मूल लहान असल्याने सदर उमेदवार भांडणार नाही.' मूल तीन महिन्यांचं होतं, चिमी नावाचं, अजून मान न धरलेलं. पूनम बाटली बारा मिनिटं उकळायची, शंका आली की आणखी बारा मिनिटं. चिमी झोपली की नाकाशी बोट धरून श्वास बघायची, आणि सासूबाई कस्तुराबाई म्हणायच्या, "आगं, जित्ती हाय. तू बोट लावून उठवू नको." पाळण्याचं काम आलं तेव्हा संचालकांना काम दिसलं. पूनमला त्या पाळण्यात मान दिसली.

म्हणून तिनं बांध एका दुपारी घालून टाकला. एक पान. डीबगर पाच गोष्टी म्हणू शकतो : चाल. थांब. एकच पाऊल टाक. अमुक खणात, म्हणजे स्मरणाच्या कप्प्यात, काय आहे? तुला काय झालं? सिम्युलेटरनं उत्तर द्यायचं. शून्य म्हणजे ठीक, आणि एक ते तेवीस म्हणजे तेवीस प्रकारचे बिघाड. बाकी काही नाही.

हे पान संचालक मंडळापुढं गेलं. सगळ्यांनी ते उलटून मागची बाजू कोरी आहे याची खात्री करून घेतली.

"एकच पान?" आनंदराव म्हणाले.

"एवढंच लागतं, आबा."

"आगं, साधं नळाचं कनेक्शन घ्यायला सात पानं लागत्यात." त्यांनी चष्मा लावला. "आन् ह्यो शब्द बघा. 'थांब.' कोण म्हणतंय हे?"

"डीबगर म्हणतो. सिम्युलेटरला."

"डीबगर कुठं बसतो?"

"दौंडला."

"आन् सिम्युलेटर?"

"शिरूरला. पण आबा, ते दोन प्रोग्राम—"

"म्हंजी दौंडानं म्हणायचं 'थांब', आन् शिरूरनं थांबायचं."

शिरूरचे दोन संचालक खुर्चीत सरळ झाले. पूनमनं 'थांब' खोडून 'थांबण्याबाबत विनंती' असं लिहिलं. विनंती आली म्हणजे तिला कारण हवं, तारीख हवी, मागील विनंतीचा संदर्भ हवा. सिम्युलेटरनंही लगेच थांबणं शोभत नव्हतं. त्यानं आधी 'आपली विनंती मिळाली' अशी पोच द्यायची आणि यथावकाश विचार करायचा, असं ठरलं. पानं चार झाली.

पुढच्या सभेत हौसराव बोलले. "मान शिरूरचा ऱ्हायला, चांगलं झालं. पर निसतं आमीच विचारायचं आन् त्येंनी बसून सांगायचं, म्हंजी आमी काय गिऱ्हाईक हाय? तुमीबी आमाला विचारा की. समान हक्क पायजे."

त्याप्रमाणे सिम्युलेटरला प्रतिप्रश्नाचा अधिकार मिळाला. कुणी खण उघडून दाखव म्हटलं तर 'प्रयोजन?' असं विचारता येऊ लागलं. हौसरावांनी समाधानानं मान हलवली आणि मग प्रतिप्रश्नाला प्रतिप्रश्न करण्याचा अधिकार दौंडसाठी मागून घेतला.

सिम्युलेटर लिहिणारा बिरदेव कमी बोलणारा, हुशार पोरगा होता. डीबगर लिहिणारी सुषमा दौंडच्या रेल्वे कॉलनीतली, तोंडानं फटकळ. दोघांनी मंजूर झालेला करार जसाच्या तसा उतरवला आणि चौथ्या महिन्यात पहिली चाचणी झाली. डीबगरनं विचारलं, चाळीस नंबरच्या खणात काय आहे? सिम्युलेटरनं विचारलं, प्रयोजन? डीबगरनं विचारलं, प्रयोजन विचारण्याचा अधिकार आपणास कोणत्या कलमाने? सिम्युलेटरनं विचारलं, कलम विचारण्याचं प्रयोजन? दोन्ही यंत्रं पाच वाजेपर्यंत तापत राहिली. शेवटी बिरदेवनं माडीवरचा पंखा आपल्या यंत्राकडं वळवला. इतिवृत्तात नोंद झाली : 'उभय पक्षांत सौहार्दपूर्ण चर्चा सुरू आहे.'

करार आता एकसष्ट पानांचा होता. पण खरा प्रसंग उभा राहिला तो तेवीस बिघाडांवरून.

"तेवीस?" आनंदराव म्हणाले. "सुरुवात व्हायच्या आधीच तेवीस बिघाड? पूनम, तू शिकलेली बाई. शुभकार्याला निघताना असलं बोलत्यात का?"

"बिघाड होतील असं नाही, आबा. झाले तर कळायला हवेत, म्हणून नंबर देऊन ठेवलेत."

"झाल्यावर कुणाच्या नावावर?"

"म्हणजे?"

"प्रत्येक बिघाडापुढं तालुका लिवा."

त्यावर तीन सभा झाल्या. तेरा बिघाड 'आपल्याकडं असं व्हत न्हाई' म्हणून वगळले गेले. पाच दोन्ही तालुक्यांनी नाकारले, तेव्हा ते बेवारस म्हणून रद्द झाले. उरलेल्या पाचांची भाषा सौम्य करण्यासाठी उपसमिती नेमली, आणि तिनं हात फिरवल्यावर सिम्युलेटरला तीनच उत्तरं राहिली. शून्य, म्हणजे ठीक. एक, म्हणजे ठीक असून कार्यवाही सुरू आहे. दोन, म्हणजे कार्यवाही पूर्ण होऊन ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी, प्रतिप्रश्नांचा अधिकार दोन्ही तालुक्यांनी एक दिवसापुरता राखून ठेवल्यावर, संपूर्ण चाचणी घेतली. पाळण्याच्या प्रोग्रामनं सातशे बारा प्रश्नांना सातशे बारा वेळा ठीक असल्याचं कळवलं. 'थांबणे' याची व्याख्या सत्तेचाळिसाव्या पानावर होती : 'विनंतीची पोच मिळणे म्हणजे थांबणे समजावे.' त्या व्याख्येनं पाळणा दरवेळी थांबला.

पूनमला चैन पडेना. चिमी आता बसायला लागली होती आणि बसली की पुढं झुकायची. पूनमनं लग्नसराईतला एक दिवस निवडला. त्या दिवशी सगळे संचालक न्हावऱ्याला एका लग्नात होते. ती माडीवर बिरदेवच्या शेजारी बसली, त्याला करार बाजूला ठेवून सिम्युलेटर नुसता चालू करायला लावला आणि दौंडला सुषमाला फोन लावून रिसीव्हर दोघांच्या मध्ये धरला.

"सुषमा, फॉर्म भरू नकोस. नुसतं विचार."

"बाई, एवढ्या दिवसांनी माणसासारखं कोण बोललं," सुषमा म्हणाली. "बिरदेव, हिरवं दाब. चाळीसमध्ये काय हाय?"

"एक," बिरदेव म्हणाला. चाळीस नंबरच्या खणात पाळण्याचा वेग असायचा.

"लाल दाब."

"शून्य."

"बघ, थांबतोय की गं," सुषमा फोनवर म्हणाली. "उगं जीव टांगून घेतीस."

पूनमनं विचार केला. लाल बटण दाबल्यावरही पाळणा दोन-चार हेलकावे घेणारच. झोका काही जागेवर गोठत नाही. आणि त्या दोन-चार हेलकाव्यांत आई काय करील?

"पुन्हा लाल दाब," ती म्हणाली.

बिरदेवनं दाबलं. मग तो पडद्याकडं वाकला.

"काय झालं रं?" फोनमधून सुषमा म्हणाली. "मेला का?"

"दोनशे पंचावन्न," बिरदेव म्हणाला.

तिघांनाही कळलं. लाल बटण वेगातून एक वजा करत होतं आणि शून्यातून एक वजा केला की त्या खणात ते मावत नव्हतं. जुनी स्कूटर विकताना किलोमीटरचा काटा मागं फिरवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. शून्याच्या मागं गेलं की काटा एकदम नव्याण्णव हजारांवर उडी मारतो. दोनशे पंचावन्न म्हणजे त्या खणात मावणारा सगळ्यात मोठा आकडा, म्हणजेच पाळण्याचा कमाल वेग. लाल बटण एकदा दाबलं तर पाळणा थांबणार. दोनदा दाबलं तर तो सुटणार. आणि आई बटण एकदाच दाबील असं ज्याला वाटतं, त्यानं आई पाहिलेली नाही.

"दोन ओळींचं काम हाय," बिरदेव म्हणाला. "शून्य असल तर वजा करू नको. झालं."

"मग कर ना."

"मंजूर प्रोग्राम हाय. शिक्का बसलाय. बिघाड दाखवल्याशिवाय हात लावता येत न्हाई."

पूनमनं बिघाड दाखवायला विहित नमुना भरला, तीन प्रतींत, दोन्ही तालुक्यांच्या सह्यांसाठी जागा सोडून. नऊ दिवसांनी उत्तर आलं. एक. ठीक असून कार्यवाही सुरू आहे.

त्याच आठवड्यात बोट आली, प्रोसेसर आले, त्यांत शिक्क्याचा प्रोग्राम भरला गेला आणि उद्घाटनाची तारीख ठरली. आनंदराव स्वतः पूनमच्या घरी आले. कस्तुराबाईंनी पाट मांडला, कपबशी नवी काढली.

"वहिनी," आनंदराव म्हणाले, "पहिल्या पाळण्यात पहिलं लेकरू आपल्या घरचंच पायजे. पूनमची पोरगी. पाव्हणे मुंबईहून येणार, बटण ते दाबणार, पेपरवाले फोटो काढणार."

कस्तुराबाईंचा ऊर भरून आला. "आमची चिमी पेपरात," त्या म्हणाल्या, आणि त्याच दुपारी त्यांनी झालरीचं टोपरं शिवायला घेतलं. सोयऱ्यांना निरोप गेले.

पूनम नाही म्हणाली तर सासूबाईंचा मान जात होता आणि संस्थेतली नोकरीही. हो म्हणाली तर चिमी जात होती लाल बटणाच्या हाती. मुंबईचे पाहुणे कोणतंही बटण एकदा दाबून समाधान पावतील, असं त्यांच्या भाषणांवरून वाटत नव्हतं. तिनं कारखान्यात जाऊन मांडवाची जागा बघून ठेवली, पाळण्याची वायर कुठून येते ते बघितलं आणि तिथून स्वतःची खुर्ची किती पावलांवर आहे ते मोजलं. सात. मग ती एसटीनं दौंडला गेली.

"आप्पा," ती हौसरावांना म्हणाली, "आबांनी मानाचा पहिला हेलकावा माझ्या चिमीला दिला. आम्हाला आनंद आहे. फक्त लोक म्हणतील, दौंडला काय मिळालं?"

हौसरावांनी पान खायचं थांबवलं. सायंकाळपर्यंत त्यांनी पहिला मान आपल्या नातवाला मागितला होता. रात्र व्हायच्या आत आनंदरावांनी जाहीर केलं, की नातूच बसवायचा तर अध्यक्षांचा बसंल. कार्यक्रमपत्रिका फिरून छापली. कस्तुराबाई दोन दिवस पूनमशी बोलल्या नाहीत. टोपरं मात्र त्यांनी पुरं करून आनंदरावांच्या नातवासाठी पाठवून दिलं.

पूनमचा हिशेब साधा होता. माणूस परक्याच्या लेकराबद्दल अहवाल वाचतो; स्वतःच्या नातवाबद्दल प्रश्न विचारतो. तरी एक शंका उरत होती. आबांनी विचारलंच नाही तर? मग वायर उपसायला ती सात पावलं होतीच.

उद्घाटनाच्या सकाळी आनंदराव मांडवाच्या मागं तिला गाठून उभे राहिले. फेटा बांधलेला, कपाळाला घाम.

"पूनम, पाळणा थांबतो ना गं?"

"शून्य, आबा."

"म्हंजी?"

"ठीक."

"न्हाई, तसं न्हाई. नातू बसणार हाय. नीट सांग."

"मग एक. ठीक असून कार्यवाही सुरू आहे."

"आगं, उपसमितीचं ऱ्हाऊ दे. खरं काय हाय ते सांग."

"खऱ्याचा नंबर आपण रद्द केला, आबा. बेवारस म्हणून."

मांडवात सनई लागली होती. आनंदराव वळले आणि आचाऱ्याच्या तंबूकडं चालू लागले.

पाळण्यात एक भोपळा झोपला. सव्वाआठ किलोचा, लाल, कस्तुराबाईंनी शिवलेलं टोपरं घातलेला, दुपट्यात गळ्यापर्यंत गुंडाळलेला. लांबून बघणाऱ्या बायका म्हणाल्या, अध्यक्षांच्या घरचं लेकरू चांगलं बाळसेदार हाय. पाहुण्यांनी हिरवं बटण दाबलं. पाळणा हलला, टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी लाल दाबलं. पाळणा दोन हेलकावे घेत राहिला. पाहुण्यांनी कपाळाला आठी घातली आणि पुन्हा दाबलं.

त्यानंतरचं इतिवृत्तात एका ओळीत आहे : 'भोपळा व्यासपीठ सोडून मान्यवरांच्या रांगेत आला.' हौसरावांच्या पायापाशी तो फुटला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो होता, टोपऱ्यासकट.

चौकशी समिती बसली. पाहुण्यांनी बटण दोनदा दाबलं असं म्हणता येत नव्हतं, कारण ते पाहुणे होते. प्रोग्रामवर शिक्का होता. उरला भोपळा. 'विहित वजनापेक्षा जास्त' असा त्याच्यावर ठपका ठेवून समितीनं अहवाल पूर्ण केला. दुरुस्ती करायची तर बिघाड कबूल करावा लागणार, आणि बिघाड तर झालाच नव्हता. बिरदेवच्या दोन ओळी तशाच खिशात राहिल्या.

तोवर पूनमला संस्थेची भाषा यायला लागली होती. तिनं नवा अर्ज केला. विषय : पाळण्याच्या प्रोग्रामचे सुशोभीकरण. त्यात लिहिलं, की लाल बटणाच्या वर्तनाला अधिक शोभा आणण्यासाठी दोन ओळी वाढवण्यात याव्यात. सुशोभीकरणाला कुणाचा विरोध असणार? अर्ज एका दिवसात मंजूर झाला, दोन्ही तालुक्यांच्या सह्यांनिशी, आणि एक ओळ शिरूरची, एक दौंडची अशी वाटून देण्यात आली.

पाळणे थांबू लागले. पूनमनं एक पाळणा माडीवर मागवून घेतला, त्यात चिमीएवढं धान्याचं पोतं ठेवलं आणि लाल बटण साठ वेळा दाबून बघितलं. पोतं झोपून राहिलं.

एकच काटा राहिला होता. सुशोभीकरणाच्या आधी अकरा पाळणे विकले गेले होते. त्यांचे नंबर तिच्याजवळ होते. प्रत्येक पाळण्याबरोबर एक अभिप्रायाचं कार्ड जायचं. त्यात चांगला, उत्तम, अतिउत्तम असे संचालकांनी ठरवलेले चौकोन होते. पण सगळ्यात खाली पूनमनं छापखान्यात जाऊन स्वतः घातलेली एक मोकळी ओळ होती : 'पाळणा थांबला नाही तर येथे लिहा.'

अकराही कार्डं आली. अकराही ओळी कोऱ्या होत्या. अकरांवर 'उत्तम'ला टिकमार्क होता.

तिनं अकरा घरं शोधून काढली, शेजाऱ्यांचे फोन मिळवले, वाण्याच्या दुकानात निरोप ठेवले आणि एकेक पाळणा बदलून घ्यायला लावला. शेवटचं घर केडगावचं. फोनवर आलेल्या बाईचं नाव धुरपदा.

"पाळणा कसा आहे, ताई?"

"उत्तम हाय की. लिवलंय आमी कार्डावर."

"लाल बटण दाबल्यावर थांबतो का?"

"थांबतो. पर दुसऱ्यांदा दाबलं की पिसाळतो बघा."

"मग तुम्ही काय करता?"

"वायर उपसतो. मालकाला शेजारीच उभं केलंय. आन् बाळाला निजवायला झोळी हाय की."

"अहो, मग त्या ओळीवर का नाही लिहिलं?"

धुरपदा समजूत घालावी तशा सुरात म्हणाली, "बाई, तुमी एवढ्या आवडीनं कार्ड छापलंसा. त्यात आसलं लिवणं बरं दिसतं का?"

पाळणा बदलून मिळाला. संस्थेकडं तेव्हापासून हजारो कार्डं आली आहेत, कपाटं भरली आहेत, आणि ती खालची ओळ एकाही कार्डावर भरलेली नाही. कपाटातली कार्डं आडनावांप्रमाणे लावलेली आहेत. कधी शिरूरला आलात तर माडीवर या. तुमचंही कार्ड, खालच्या कोऱ्या ओळीसकट, शोधायला पूनमला दोन मिनिटं लागणार नाहीत.